सूर्य किती वाजता बुडाला? मांद्र्याच्या वाळूवरचे एक प्रकरण

वहीत सूर्यास्ताच्या वेळा पाच होत्या आणि तक्त्यात रकाना एकच.

प्रकरण गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका शाळेचे. नववीचा वर्ग, भूगोलाचा प्रकल्प, तारीख २८ ऑक्टोबर. सूर्यास्ताची वेळ डोळ्यांनी पाहून नोंदवायची आणि छापील वेळेशी ताडून बघायची, एवढेच काम. शिक्षिकेने मुलांचे तीन गट पाडले. दोन गट मांद्र्याच्या वाळूत उभे राहिले, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. तिसऱ्याला तिने केरी आणि हरमलच्या मधल्या सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, उतारावर पाठवले. पॅराग्लायडिंगवाले जिथून उडी घेतात त्याच्या बरेच खाली, समुद्रापासून अंदाजे तीस मीटर उंचीवर. पाऊस संपून फार दिवस झाले नव्हते, हवा धुतलेली होती आणि क्षितिजाची रेघ स्वच्छ दिसत होती. गोव्यात असे क्षितिज वर्षातून मोजकेच दिवस मिळते. पुढे डिसेंबर-जानेवारीत धुरके इतके दाटते की सूर्य पाण्याला टेकण्याआधीच विरून जातो.

नोंदी अशा आल्या. एका मुलाने घरून आणलेल्या पंचांगात ६ वाजून ४ मिनिटे. मोबाइलवरच्या ॲपमध्ये ६ वाजून ८ मिनिटे. वाळूतल्या दुसऱ्या गटाची वेळ ६ वाजून ५ मिनिटे ३० सेकंद, पहिल्या गटाची ६ वाजून ७ मिनिटे ५० सेकंद आणि सड्यावरच्या गटाची ६ वाजून ८ मिनिटे २५ सेकंद. सगळ्यांची घड्याळे निघण्यापूर्वी शाळेतच जुळवली होती.

शिक्षिका आमच्याच वाड्यावरची. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली. "काका, तुम्ही आयुष्यभर जहाजावर सूर्य मोजलात. यातली खरी वेळ कुठली तेवढी सांगा, म्हणजे बाकीच्या खोडून टाकते."

मी व्यापारी जहाजांवर नॅव्हिगेशन केले. जीपीएस येण्याआधी आणि आल्यावरही. त्या वहीतली एकही वेळ खोडण्यासारखी नाही हे नोंदी वाचतानाच दिसत होते. पाचही वेळा बरोबर होत्या. कुणी सूर्याची वरची कड धरली होती, कुणी खालची, आणि एकीने तर कड धरलीच नव्हती, पण वहीत त्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

आधी गावाचा संशय

शिक्षिकेचा पहिला संशय पंचांगावर होता. "हे मुंबईसाठी केलेले असणार, आमच्याकडे कसे चालेल?" संशय वाजवी होता. मुंबई आपल्यापेक्षा जवळजवळ एक अंश पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, त्यामुळे नुसते रेखांश पाहिले तर मुंबईचा सूर्य पेडण्याच्या मागाहून सुमारे साडेतीन मिनिटांनी मावळायला हवा. पण मुंबई उत्तरेलाही आहे, तीन अंशांहून अधिक. हिवाळ्यात तिकडचा दिवस आपल्यापेक्षा लहान असतो आणि उन्हाळ्यात मोठा. जूनमध्ये हे दोन्ही परिणाम एकाच दिशेला ओढतात आणि आपल्याकडचा सूर्य मुंबईच्या सुमारे दहा मिनिटे आधी बुडतो. डिसेंबरात ते एकमेकांविरुद्ध ओढतात, त्यात अक्षांश जिंकतो आणि आपला सूर्य तीनेक मिनिटे जास्त टिकतो. मधे कधीतरी दोघांची बरोबरी व्हायलाच हवी. ती होते ऑक्टोबरच्या अखेरीस. २८ तारखेला मांद्रे आणि मुंबई यांच्या सूर्यास्तात मिनिटाचासुद्धा फरक पडत नाही.

योगायोगच म्हणायचा, पण त्यामुळे गावाचा मुद्दा आपोआप निकालात निघाला. पंचांग कुठलेही असो, ते चार मिनिटे रेखांशातून आलेले नव्हते.

कड कुठली?

सेक्स्टंट म्हणजे क्षितिजापासून सूर्याची उंची मोजायचे जहाजावरचे उपकरण. ते वापरणाऱ्याला सूर्याची कड सांभाळावीच लागते. आरशातून सूर्याचे बिंब खाली आणायचे आणि क्षितिजावर टेकवायचे. पण काय टेकवायचे? बिंबाचा मध्य कुठे आहे हे दाखवणारी खूण सूर्यावर नाही. डोळ्याला धरता येते ती फक्त कड. म्हणून खालची कड टेकवतात आणि हिशेबात सूर्याची अर्धी जाडी, १६ कला, मिळवतात (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). ढगाने खालची बाजू झाकली असेल तर वरची कड धरतात आणि तेवढ्याच कला वजा करतात. नॉटिकल अल्मनॅकमध्ये, म्हणजे नावाड्यांच्या पंचांगात, दोन्ही कडांच्या दुरुस्त्या वेगळ्या छापलेल्या असतात. त्यातही ऑक्टोबर ते मार्च आणि एप्रिल ते सप्टेंबर असे दोन भाग, कारण जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ असते आणि बिंब किंचित मोठे दिसते. मिळवायचे तिथे वजा केले तर ३२ कलांची चूक. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे ३२ मैल, जवळजवळ ६० किलोमीटर. मुरगाव समजून वेंगुर्ला ओलांडून जाल किंवा कारवारच्या तोंडाशी पोहोचाल.

म्हणून वही पाहताच मी दोन्ही गटांच्या मुलांना एकच प्रश्न विचारला: घड्याळ दाबले तेव्हा सूर्याचा कुठला भाग कुठे होता?

पहिल्या गटाला शंकाच नव्हती. "सगळो बुडलो तेन्ना!" म्हणजे वरची कड पाण्याखाली गेली तेव्हा. दुसऱ्या गटातल्या मुलीने सांगितले की सूर्य पाण्याला लागला तेव्हा तिने वेळ घेतली, कारण टेकला म्हणजे अस्त सुरू झाला. तिचे तर्कशास्त्र चुकीचे म्हणता येणार नाही. एका गटाने अस्ताचा शेवट नोंदवला आणि दुसऱ्याने आरंभ.

दोन्हींतला फरक २ मिनिटे २० सेकंद. इथे मुलांच्या हातून नकळत एक मोजमाप झाले होते. आपल्या अक्षांशावर ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्य जरासा तिरका उतरतो, दर मिनिटाला साधारण १४ कला. त्याने गुणले तर बिंबाचा व्यास येतो ३२ कलांच्या थोडा वर, आणि तो खरोखर तेवढाच आहे. वाळूत उभे राहून, घड्याळापलीकडे कुठलेही साधन न वापरता नववीच्या मुलांनी सूर्याची रुंदी मोजली होती. शिक्षिका हे खोडायला निघाली होती.

मोबाइलची वेळ पहिल्या गटाशी जुळते, कारण जगभरच्या तक्त्यांत सूर्यास्त म्हणजे वरची कड क्षितिजाखाली जाणे. त्या क्षणी सूर्याचा मध्य गणिताने क्षितिजाच्या ५० कला खाली असतो. त्यातल्या १६ कला अर्ध्या बिंबाच्या, उरलेल्या ३४ हवेच्या. हवा प्रकाशाला वाकवते आणि क्षितिजापाशी बिंब सुमारे ३४ कला उचलून दाखवते. म्हणजे जो सूर्य पाण्याला टेकताना मुलांनी पाहिला, तो गणिताने त्याआधीच संपूर्ण बुडालेला होता.

पंचांगातला बिनकडेचा सूर्य

राहिले पंचांगाचे ६ वाजून ४. ज्या मुलाने ते आणले त्याचे आजोबा गावातल्या देवळात पूजा करतात. वर्गात कुणीतरी "पंचांग चुकले" म्हटल्यापासून तो गप्प होता. त्याला मी पंचांगाची सुरुवातीची पाने वाचायला सांगितली. तिथे बारीक अक्षरांत लिहिलेले होते की उदयास्त बिंबमध्याचे दिले आहेत आणि वक्रीभवनाचा संस्कार केलेला नाही.

म्हणजे या पंचांगाने सूर्याचा एक बिंदू मानला आणि हवा काढून टाकली. तो बिंदू गणिती क्षितिजावर आला की अस्त. तिथून वरची कड दिसेनाशी होईपर्यंत आणखी ५० कला उतरायचे, १४ कलांच्या वेगाने साडेतीन मिनिटांहून थोडे जास्त. ६ वाजून ४ मध्ये ते मिळवा, पहिल्या गटाच्या नोंदीपासून पंधरा-वीस सेकंदांत पोहोचता.

आजोबांना मुलाने हे घरी सांगितले तर त्यांना नवल वाटले नाही. "पंचांग कोण वाळूत उभा राहून करतो?" असे म्हणाले म्हणे. मला ते उत्तर आवडले.

मला जास्त रस होता तो वेगळ्या गोष्टीत. बरोबर ६ वाजून ४ मिनिटांनी वाळूवरून काय दिसत होते? त्या स्थितीत हवा बिंबाला २९ कला उचलते. म्हणजे मध्य क्षितिजाच्या २९ कला वर आणि खालची कड साधारण १५ कला वर. सूर्य पाण्याच्या वर अख्खा, आणि त्याच्या खाली जवळजवळ अर्ध्या बिंबाएवढी मोकळी जागा. मुले त्या वेळी अजून वाळूत जागा धरत होती.

हा क्षण मला पाठ आहे. जहाजाचा कंपास किती चुकतो हे संध्याकाळी याच क्षणी तपासतात. सूर्याचा मध्य गणिती क्षितिजावर असताना त्याची दिशा अगदी सोप्या सूत्राने निघते. ती कंपासमध्ये दिसणाऱ्या दिशेशी ताडायची. याला आम्ही अँप्लिट्यूड घेणे म्हणतो. ब्रिज, म्हणजे जहाज हाकायची जागा, पाण्यापासून उंच असल्याने क्षितिज थोडे खाली दिसते, म्हणून खालची कड अर्ध्याऐवजी दोन-तृतीयांश बिंबाएवढी वर आली की दिशा घ्यायची, हे शिकाऊ पोरांना पहिल्याच वर्षी घोकवतात. ज्या क्षणाला भटजी अस्त म्हणतात, त्याच क्षणी जहाजावरचा नॅव्हिगेशन अधिकारी, सेकंड मेट, कंपासवर डोळा लावतो. पुढ्यात लखलखता सूर्य असताना दोघेही तो क्षितिजावर आहे असे धरून चालतात, आणि दोघांचाही हिशेब बरोबर येतो.

टेकला की नाही टेकला

दुसऱ्या गटात आतल्या आत एक भांडण होते, ते वहीत उतरलेच नव्हते. एक मुलगा म्हणत होता सूर्य आधीच टेकला, मुलगी म्हणत होती अजून नाही. दहा-पंधरा सेकंदांचा वाद. शेवटी तिची वेळ लिहिली, कारण वही तिच्या हातात होती.

एका मुलाच्या थोरल्या भावाने झूमच्या कॅमेऱ्याने फोटो काढले होते म्हणून हा वाद सुटला, किंवा का सुटत नाही ते तरी कळले. सूर्याची खालची कड पाण्याच्या जवळ आली तशी पाण्यातून दुसरी तांबडी फाक वर आली आणि दोन्ही एकमेकींना चिकटल्या. बिंबाला खाली बैठक फुटल्यासारखे दिसले. ऑक्टोबरात समुद्र चांगला तापलेला असतो. पाण्याला लागून असलेली हवा गरम आणि तिच्या वरची त्याहून थंड असली की अगदी खालून येणारे किरण वर वाकतात आणि कडेचे उलटे प्रतिबिंब दाखवतात. मृगजळच ते. मुलाने दोन कडांची भेट झाली तो क्षण धरला आणि मुलीने बैठक पसरून क्षितिजाला भिडली तो. खालच्या कडेची वेळ यापेक्षा बारीक सांगताच येत नाही, कारण पाण्याशी भिडली ती सूर्याची कड की तिचे प्रतिबिंब, हे डोळ्याला ठरवता येत नाही.

वरच्या कडेला हा त्रास कमी. ती शेवटी एका ठिपक्याएवढी उरते आणि विझते. क्षितिज स्वच्छ असेल तर त्या ठिपक्यात सेकंद-दोन सेकंद हिरवी झाक येते. निळा-हिरवा प्रकाश तांबड्यापेक्षा किंचित जास्त वाकतो, त्यामुळे सूर्याची हिरवी वरची कड तांबडीच्या वर डोकावते आणि शेवटी बुडते. अस्सल निळा रंग वाटेतल्या हवेने आधीच उधळून दिलेला असतो. पहिल्या गटातल्या दोघांनी हिरवे पाहिल्याचे सांगितले, बाकीच्यांनी त्यांची टर उडवली. मी दोघांच्या बाजूने आहे.

त्याच फोटोंतून आणखी एक गोष्ट निघाली. सूर्य टेकण्याच्या बेतात असतानाचा फोटो मुलांनी कागदावर छापून फूटपट्टीने मोजला. आडवा व्यास सहा भाग धरला तर उभा साधारण पाच. सूर्य चपटा! कारण पुन्हा हवा: खालच्या कडेला तिने ३४ कला उचलले आणि वरच्या कडेला २९ च. पाच कलांनी बिंब दाबले गेले. पण इथे एका हुशार मुलीने अडवले: "मग चपटा सूर्य लवकर बुडायला पायजे ना, सर? उंची कमी झाली." नाही बुडत. खालची कड आणि वरची कड दोन्ही जेव्हा क्षितिजावर येतात तेव्हा दोघींनाही हवेने सारखेच, ३४ कला, उचललेले असते. मधल्या वेळात बिंब कितीही दबले तरी आरंभ आणि शेवट यांच्यातले अंतर बदलत नाही. म्हणूनच घड्याळाने मोजलेला व्यास खरा आला आणि फोटोतला खोटा. हे उत्तर मलाही थोडे थांबून, कागदावर रेघा मारून द्यावे लागले. त्या वहीतला सर्वांत चांगला प्रश्न तोच होता.

चपटेपणा बघितला की तो कुणाचा हे आधी विचारायला हवे. गुरू साध्या दुर्बिणीतूनही चपटा दिसतो, त्याचा ध्रुवाकडचा व्यास विषुववृत्ताकडच्या व्यासापेक्षा जवळजवळ पंधरावा हिस्सा कमी. तो चपटेपणा त्याचा स्वतःचा आहे. एवढा अवाढव्य गोळा दहा तासांच्या आत एक फेरी घेतो आणि कमरेला फुगतो. शनी त्याहून चपटा. सूर्य मात्र स्वतःभोवती सावकाश फिरतो, पंचवीस दिवसांच्या पुढेमागे. त्याचा चपटेपणा १४ लाख किलोमीटरच्या व्यासात काही किलोमीटर भरतो, तोही उपग्रहांवरच्या उपकरणांना जेमतेम मोजता येईल एवढा. मांद्र्याला दिसलेला सगळा चपटेपणा अरबी समुद्रावरच्या हवेचा होता.

वायूच्या गोळ्याला कड कशी?

प्रकल्पात नसलेला हा प्रश्न एका मुलाने विचारला आणि पुढचा अर्धा तास त्यातच गेला. सूर्याला जमीन नाही, पृष्ठभाग नाही, सगळा वायू. मग पट्टीने मोजता येईल इतकी स्वच्छ कड आली कुठून?

चोर्ला घाटात ढगाच्या आत शिरले की त्याला कड नसते, सगळे हळूहळू पांढरे होत जाते. तोच ढग साखळीहून पाहिला तर कापल्यासारखा दिसतो. सूर्याचे तसेच आहे, फक्त अंतर पंधरा कोटी किलोमीटरचे. वायू पारदर्शकाचा अपारदर्शक होतो तो थर जेमतेम काही शे किलोमीटरचा. इथून पाहता सूर्यावरचे सव्वासातशे किलोमीटर म्हणजे एक विकला, कलेचा साठावा भाग. नुसत्या डोळ्याला एक कला ओळखू आली तरी खूप. तेव्हा धूसरपणा आहे, पण आपल्या नजरेच्या कितीतरी खालचा.

तो धूसरपणा दुसऱ्या रूपात मात्र दिसतो. सूर्याचा योग्य फिल्टर लावून, दिवसा, सूर्य उंच असताना काढलेला फोटो मी मुलांना दाखवला. मध्यावर बिंब लखलखीत आणि कडेकडे मंद होत गेलेले. मध्यावर आपली नजर सरळ आत जाते आणि खोलवरचा, जास्त तापलेला थर दिसतो. कडेपाशी ती तिरकी शिरते आणि तेवढाच वायू पार करेपर्यंत वरच्या, थंड थरातच अडकते. थंड म्हणजे कमी तेजस्वी. म्हणजे बिंबाच्या मध्यापासून कडेपर्यंत नजर सरकवली की सूर्याच्या आतून बाहेर येण्याचा प्रवास होतो. हे लक्षात घेऊन जर्मन खगोलज्ञ कार्ल श्वार्झशिल्डने १९०६ मध्ये कड किती मंदावते यावरून दाखवले की सूर्याच्या या वरच्या थरांत उष्णता वायू ढवळून नाही, प्रकाशरूपाने वर येते. कुणी सूर्यावर गेले नाही, कड कशी काळवंडते एवढेच नीट मोजले.

कडेच्या लगेच बाहेर आणखी एक पातळ थर असतो, वर्णावरण, दोनेक हजार किलोमीटरचा. एरवी बिंबाच्या उजेडात तो लोपतो. खग्रास ग्रहणात चंद्र बिंब झाकतो तेव्हा काही सेकंद तो उघडा पडतो. इथे एका मुलाने हात वर केला: "सर, हेलियम विजयदुर्गार सोदून काडलो न्ही?" शाळेची सहल तिकडे गेली होती आणि किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे, म्हणजे ग्रहण पाहण्यासाठीचे चौथरे, त्याने पाहिले होते.

ही कथा आपल्या किनारपट्टीवर इतकी रुजली आहे की तिला हात लावताना जपावे लागते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलज्ञ झान्सेन आंध्रात गुंटूरला होता. सूर्याच्या कडेवरून उसळलेल्या ज्वाळांच्या वर्णपटात त्याला तेजस्वी रेषा दिसल्या, आणि त्या इतक्या ठळक होत्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या कडेवरच शोधून काढल्या. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरने हीच युक्ती स्वतंत्रपणे वापरली आणि २० ऑक्टोबर १८६८ ला ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. त्यांतली पिवळी रेघ सोडियमच्या जागी बसत नव्हती. तिच्यामागे नवे मूलद्रव्य असावे असे त्याने मांडले, आणि १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीला ते पृथ्वीवर सापडले. तेच हेलियम. लॉकियर विजयदुर्गावर आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, म्हणजे ती रेघ दिसून तीस वर्षे होत आल्यावर. त्याच ग्रहणाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते, त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही. मुलगा थोडा हिरमुसला. मी म्हटले ओटे खरे, साहेब खरा, सूर्याची कड खरी, फक्त साल हलव.

चंद्राची कड उलट्या स्वभावाची. तिथे हवा नाही, त्यामुळे चंद्राआड जाणारा तारा मंदावत नाही, एका क्षणात विझतो. ९ जून १९८८ ला प्लूटोआड जाणारा तारा मात्र हळूहळू मंदावला आणि त्यावरूनच प्लूटोला विरळ वातावरण आहे हे पक्के झाले. आणि चंद्राची कड गोल नाही, डोंगरदऱ्यांची आहे. खग्रास ग्रहणाच्या आरंभी आणि शेवटी दऱ्यांतून सूर्यप्रकाशाचे मणी चमकतात ते त्यामुळेच. त्या कडेचे नकाशे १९६३ मध्ये अमेरिकन खगोलज्ञ वॉट्सने फोटोंवरून केले होते. आता ते चंद्राभोवती फिरलेल्या यानांनी लेसरने मोजलेल्या उंचीवरून करतात.

सड्यावरचे पस्तीस सेकंद

तिसऱ्या गटाचा उशीर सर्वांत सोपा, तरी शिक्षिकेला सर्वांत जास्त खटकलेला, कारण त्यांनीही वरचीच कड धरली होती. उंच चढले की क्षितिज लांब जाते आणि खाली जाते. वाळूत उभ्या मुलाचे क्षितिज पाच किलोमीटरच्या आत असते, तीस मीटरवरून ते वीस किलोमीटरच्या पलीकडे जाते. ते खाली किती झुकते हे काढायला नावाड्यांचे जुने सूत्र आहे: उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ घ्या, १.७६ ने गुणा, उत्तर कलांत. वाळूवर दोन कलांच्या थोडे वर, सड्यावर साडेनऊ. फरक सात-साडेसात कलांचा, म्हणजे अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त. मुलांनी ३५ सेकंद नोंदवले होते. त्यांनी हिशेब उलटाही करून पाहिला, सेकंदांवरून उंची, आणि ती तीस-पस्तीस मीटर आली.

यापेक्षा बारीक अर्थ काढू नका असे मी बजावले. ३४ कला हा आकडा ठरावीक थंड हवेसाठीचा आहे. आपल्याकडच्या उकाड्यात तो थोडा कमी भरतो, आणि पाण्यावरचे तापमान कसे बदलते त्यावर रोज इकडेतिकडे होतो. छापील सूर्यास्त सेकंदांत कुणी देत नाही ते याच कारणाने. सूर्याकडे दुर्बिणीतून कधीच पाहायचे नाही, मावळतानाही नाही, हेही त्याच दमात सांगितले. कॅमेऱ्यातही त्यांनी पडद्यावर पाहिले होते, भिंगातून नाही, हे खात्री करून घेतले.

तक्ता शेवटी नव्याने आखला गेला. एका रकान्याचे चार झाले: घड्याळाची वेळ, कुठली कड, डोळ्याची समुद्रापासूनची उंची आणि क्षितिजावर पाणी स्पष्ट होते की धुरके. पाचही वेळा ठेवल्या. पंचांगाच्या ओळीत कडेच्या जागी 'बिंबमध्य' आणि उंचीच्या जागी शून्य लिहिले. दुसऱ्या गटाच्या ओळीत मुलाची आणि मुलीची अशा दोन वेळा आल्या, मुलगी थोडी नाराज झाली.

प्रदर्शनाला आलेल्या एका परीक्षकाने विचारले म्हणे, एवढे सगळे ठीक, पण सूर्यास्ताची वेळ काय? शिक्षिकेने त्यालाच उलट विचारले, कुठल्या कडेची हवी? गुण किती मिळाले ते मी विचारले नाही. मे महिन्यात, पावसाचे ढग यायच्या आधी, हीच मोजणी पुन्हा करायचे ठरले आहे. तेव्हा मुंबई आणि मांद्रे यांच्यात आठ-नऊ मिनिटांचा फरक पडलेला असेल आणि मुंबईची दिनदर्शिका बघून निघालेला गट किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत सूर्य गेलेला असेल.